नाही म्हणायची पाळी

मंगळवार, रात्री उशिरा

जीएसटीच्या माफीच्या यादीत बॅले आहे. तिकिटांबद्दल सीएंनी पाठवलेला कागद वाचताना आज कळलं. सर्कस, नृत्य, नाटक, बॅले: माणशी 500 रुपयांपर्यंतचं तिकीट असेल तर कर नाही. पुण्यात बॅले शिकवते म्हटलं की समोरचा आधी विचारतो, 'ते पायाच्या बोटांवर चालतात तेच ना?' आणि मग जरा थांबून, 'बाकी काय करता?' दिल्लीतल्या कुठल्याशा अधिकाऱ्याने मात्र आम्हाला ओळीत जागा दिलीय, सर्कशीच्या शेजारी का होईना. आमचं तिकीट 300 च आहे, त्यामुळे तिथे निभावलं. नाट्यगृहाचं भाडं, दिवे, जनरेटर, मार्लीचे, म्हणजे नाचायला रंगमंचावर अंथरायच्या विनाइलचे, रोल आणणारा टेम्पो, यांचं काय ते आमचं आम्ही बघायचं.

हे सगळं माहीत असणं आता माझं काम आहे. संस्थेने मला कला संचालक केलं, विश्वस्त मंडळावरही घेतलं. विश्वस्त बदलले की 90 दिवसांच्या आत धर्मादाय आयुक्तांकडे चेंज रिपोर्ट द्यावा लागतो, हेही तेव्हाच समजलं. इतकी वर्षं रंगमंचावर काढली आणि रंगमंच कशावर उभा असतो याचा पत्ता नव्हता. खाली सिमेंट असतं हे तेवढं माहीत होतं. उडी मारून खाली आलं की गुडघ्याला कळायचं.

उजव्या पायाच्या अंगठ्याचा सांधा गेला म्हणून मी थांबले. टाच पूर्ण उचलून पुढच्या पायावर उभं राहायचं तर अंगठा मागे जवळजवळ काटकोनात वळावा लागतो. माझा निम्माही वळत नाही. कर्वे रस्त्यावरचे डॉक्टर एक्स-रे दिव्यासमोर धरून समजावत होते, हाड हाडाला कसं घासतंय वगैरे. शेवटी म्हणाले, 'काळजी करू नका, चालायला काही त्रास व्हायचा नाही.' बरं वाटावं म्हणून म्हणाले बिचारे.

त्याआधी बराच काळ मी तो अंगठा टेप लावून, इंजेक्शन घेऊन, गोळ्या खाऊन चालवला होता. लोकांना ते फार आवडायचं. 'केवढी चिकाटी!' मलाही आवडायचं, खोटं कशाला बोलू.

बुधवार

संध्याकाळी वर्गात दुसऱ्या अंकाची तालीम. बारावीतली एक मुलगी, आमच्या या प्रयोगाची प्रमुख नर्तिका, उड्यांच्या भागात डावीकडे वजनच टाकत नव्हती. पट्टीचा प्रेक्षक असता तरी त्याच्या लक्षात आलं नसतं, इतकं सफाईने चुकवत होती. मी ओळखलं, कारण मीही तेच करायचे. वर्ग संपल्यावर नडगीवर बोटं फिरवली. एका ठरावीक जागी दाबलं तर पोरगी कळवळली. पूर्ण नडगी दुखत असेल तर एक वेळ ठीक, पण रुपयाएवढ्या जागेत नेमकं दुखलं तर हाडाला बारीक चीर असण्याची शंका घ्यायची. सुरुवातीला ती एक्स-रेतही दिसत नाही. उद्या एमआरआय.

म्हटलं, 'किती दिवसांपासून?'

'ताई, प्लीज. आईला सांगू नका. प्रयोग होऊ दे, मग मी सहा महिने झोपते.'

'तसं नसतं ते.'

'तुम्ही नाचलाच होतात ना पण? सगळ्यांना सांगता की आम्हाला. इंजेक्शन घेऊन नाचलात म्हणून.'

सांगते खरी. दर गणपतीला, दर दिवाळी फराळाला तो किस्सा कुणीतरी काढायला लावतं आणि मी रंगवून सांगते. आज त्या किश्शाने माझ्याच वर्गात येऊन मला गाठलं. तिच्या घरी फोन केला. आई गप्प झाली, आजीने फोन घेतला आणि म्हणाली, 'ताई, तुम्ही सांगाल ते. पण तिची समजूत तुम्हीच घाला, आमचं ऐकत नाही.' 

गुरुवार

झोप येईना म्हणून रात्री वाचत बसले. नाचणं सोडून कंपन्या चालवायला घेतलेल्या बायका.

अ‍ॅलिशिया अलोन्सो या क्यूबाच्या नर्तिकेची गोष्ट बॅलेच्या प्रत्येक मुलीला पाठ असते. 1941 मध्ये डोळ्यांचे पडदे सुटले, शस्त्रक्रिया झाल्या, वर्षभराच्या आसपास अंथरुणाला खिळून राहावं लागलं, डोळ्यांवर पट्ट्या. हालायचंही नाही. तर ती चादरीवर दोन बोटांनी 'जिझेल' हा बॅले नाचायची, अख्खी भूमिका अशीच बसवली. 1943 मध्ये न्यूयॉर्कला ती भूमिका करणारी अ‍ॅलिशिया मार्कोव्हा आजारी पडली आणि त्या जागी ही उभी राहिली. दृष्टी अर्धवटच. दिव्यांच्या रोखावर रंगमंचाचा अंदाज घ्यायची. 1948 मध्ये हवानात नवरा आणि दिरासोबत स्वतःची कंपनी काढली, त्यातून क्यूबाचा राष्ट्रीय बॅले उभा राहिला. इथपर्यंत वाचून अंगावर काटा येतोच.

पण गोष्ट तिथे संपत नाही आणि पुढचा भाग कुणी पाठ करत नाही. बाईंनी सत्तरीतही नाचणं सोडलं नाही आणि खुर्ची तर शेवटपर्यंत. 2019 मध्ये 98 व्या वर्षी गेल्या. त्याच वर्षाच्या जानेवारीत कंपनीतली नर्तिका व्हिएंग्से वाल्देस हिला उपसंचालक नेमलं होतं. म्हणजे ज्या हट्टाने ती अंथरुणातून उठली, त्याच हट्टाने कंपनीतल्या दोन-तीन पिढ्यांच्या वाटेत बसून राहिली. क्यूबात कुणाला असं म्हटलं तर मारायला धावतील. मला मात्र आज तसं वाटलं. आम्ही चिकाटी शिकवतो ती सगळी धरून ठेवायची. सोडायची कुठल्याच वर्गात शिकवत नाहीत, ना बॅलेत, ना कथकात.

पॅरिसच्या ऑपेरात निदान नियम आहे. 42 व्या वर्षी निवृत्ती, मग तुम्ही कितीही मोठ्या असा. निरोपाचा प्रयोग, टाळ्या, पेन्शन. पेन्शन! या शब्दावर मी थोडा वेळ नुसती बघत बसले.

कॅनडाच्या कॅरन केनचं बरंच आवडलं. 1997 मध्ये नाचणं थांबवलं, 2005 मध्ये नॅशनल बॅले ऑफ कॅनडाची कला संचालक झाली, 2021 पर्यंत होती. त्याच्या कितीतरी आधी, 1985 च्या सुमारास, नर्तकांना नाचणं संपल्यावर दुसरं काही शिकता यावं म्हणून तिथे एक केंद्र निघालं. त्याच्या उभारणीत ही होती, आणि तेव्हा तर ती ऐन भरात नाचत होती. तमारा रोहो हिने लंडनची नामांकित नर्तिका असतानाच याच केनच्या पाठीमागे काही आठवडे सावलीसारखं फिरून काम बघून घेतलं. बैठका, अंदाजपत्रक, कुणाला कोणती भूमिका द्यायची याची भांडणं. मग 2012 मध्ये इंग्लिश नॅशनल बॅले हातात घेतलं आणि 2022 च्या अखेरीस सॅन फ्रान्सिस्को बॅलेला गेली. त्या कंपनीची स्थापना 1933 ची, आणि बाई संचालक पहिल्यांदाच.

मला ही सावली मिळाली नाही. मला एक कपाट मिळालं, त्यात 2009 पासूनची व्हाउचरं.

आणखी एक लक्षात आलं. मार्कोव्हा आजारी पडली म्हणून अलोन्सो. लंडनच्या रॉयल बॅलेतली डार्सी बसेल जायबंदी झाली म्हणून रोहोला तिथे 'जिझेल' मिळाली. आपण या गोष्टी नेहमी आत आलेल्या मुलीच्या बाजूने सांगतो. बाहेर बसलेल्या मुलीला 'तू बस' असं कुणीतरी म्हटलं असेल, किंवा तिने स्वतः ठरवलं असेल. ते सांगायला कुणाला सुचत नाही.

शुक्रवार

एमआरआयमध्ये चीर निघालीच. सहा ते आठ आठवडे उड्या बंद.

दुपारी विश्वस्तांची बैठक. आमचे ज्येष्ठ विश्वस्त काका चांगले आहेत, संस्थेसाठी खिशातून खर्च करतात. नाटकवेडे असल्यामुळे त्यांचा विश्वास एकाच गोष्टीवर: प्रयोग रद्द होत नाही आणि नट आजारी पडत नाही. 'अहो, घरात माणूस गेलेलं असतानाही तिसरी घंटा दिलेली आहे लोकांनी,' म्हणाले. मी म्हटलं, काका, नटाचा आवाज बसला तर परत येतो. सतरा वर्षांच्या मुलीच्या नडगीची चीर वाढून हाड मोडलं तर ती आपल्याकडे परत येईल का, आणि तिच्या आजीला तोंड कोण दाखवेल? ते म्हणाले, 'तुम्ही नाही का नाचलात?'

म्हणजे पुन्हा तेच. मी म्हटलं, नाचले, कारण मला 'बस' म्हणणारं तेव्हा कुणी नव्हतं. आता त्या जागेवर मी आहे.

मग एक नियम लेखी मांडला: फिजिओथेरपिस्टने नाही म्हटलं की नाही. त्यावर संचालक, पालक, विश्वस्त, स्वतः नर्तक, कुणाचंच चालणार नाही. कुरकुर झाली, मंजूर झाला. माझ्या मते या खुर्चीवर बसल्यापासून केलेलं हे एकमेव कलात्मक काम. बाकी सगळं टेम्पो.

घरी येताना मॅडम मेनका आठवल्या. म्हणजे लीला सोखी. रशियन बॅले नर्तिका पावलोव्हाच्या उत्तेजनाने आपल्या नृत्याकडे वळल्या, कथकाला समूहाच्या नृत्यनाट्यात आणलं, 1936 मध्ये बर्लिनला बक्षिसं मिळवली आणि 1938 मध्ये इथे वर खंडाळ्याला नृत्यालयम् ही निवासी शाळा काढली. गाजलेल्या बाईने स्वतः मागे सरून शाळा काढावी, तीही घाटात! शाळा फार वर्षं टिकली नाही. त्या गेल्या 1947 मध्ये, आणि त्याच वर्षी पुण्यात रोहिणीताई भाट्यांनी नृत्यभारती ही कथकाची संस्था सुरू केली. या दोन गोष्टींचा आपसात काही संबंध नाही, साल तेवढं एक. पण खंडाळ्याच्या बोगद्यातून गाडी जाते तेव्हा मी दरवेळी खिडकीतून वर बघते. शाळा कुठे होती ते दिसत नाहीच. मुंबईला बॅलेच्या वर्गाला जायचे तेव्हाही बघायचे, तेव्हा तर मला मेनका कोण हेही धड ठाऊक नव्हतं. फक्त शिक्षिकेने नाव घेतलं होतं.

रोहिणीताईंनी वर्ग उभा केला, मग विद्यापीठात ललित कला केंद्रासाठी अभ्यासक्रमाचंही काम केलं. पुण्यात आज गल्लोगल्ली घुंगरू ऐकू येतात ते उगाच नाही. अभ्यासक्रम लिहिणं हे काही टाळ्यांचं काम नाही. समोर कोरे कागद आणि तासांचं गणित. नाचणाऱ्या बाईला ते कसं जमलं असेल, याचं मला आता जास्त कुतूहल वाटतं, पूर्वी त्यांच्या भावमुद्रांचं वाटायचं त्याहूनही.

शनिवार

दुसरी मुलगी उभी केली. तंत्र बरं आहे, अंगात भीती आहे. पहिलीला मी तालमीत शेजारी खुर्ची देऊन बसवलं, वही हातात. म्हटलं, हिच्या चुका लिही. पहिला अर्धा तास ती रडली. मग चुका लिहायला लागली, आणि मला न दिसलेल्या दोन तिने पकडल्या. एक तर संगीताच्या बाबतीतली, दुसऱ्या अंकात मुलगी अर्धी मात्रा आधी निघतेय. तिला हे दिसतं हे मला माहीत नव्हतं. नाचत असती तर कळलंही नसतं.

दुपारी काकांचा फोन. तिकीटविक्री थंड आहे. 'ताई, तुम्हीच पाच मिनिटं काहीतरी करा ना. लोक अजून तुमच्या नावाने येतात. सोपं करा, बोटांवर उभं राहू नका हवं तर. पोस्टरवर फोटो आहेच तुमचा.'

पाच मिनिटं. मनात संगीत सुरूही झालं होतं, हात कुठे न्यायचे, दिवा कुठून घ्यायचा. टाच न उचलता काय काय करता येईल याची यादी डोक्यात तयार. टाचेचे बूट घालून करायच्या भूमिका असतातच की, आई, राणी. अमेरिकेच्या वेंडी व्हीलन या नर्तिकेने नितंबाच्या सांध्याची शस्त्रक्रिया झाल्यावर परत येऊन नाच केला होता, 2014 मध्ये निरोप घेतला आणि 2019 मध्ये न्यूयॉर्क सिटी बॅलेची सहयोगी कला संचालक झाली. म्हणजे उदाहरणही हाताशी होतं. हवं तेव्हा उदाहरण सापडतंच.

फिजिओला फोन लावला. माझाच नियम, माझ्यावर चालला पाहिजे. तिने अंगठ्याचं विचारलं, मी खरं सांगितलं. 'नको,' म्हणाली. 'आणि तुम्हाला हे विचारायला फोन करावा लागला?'

काकांना कळवलं. ते जरा नाराज झाले, मग म्हणाले, 'पण पोस्टर छापून झालेत, फोटो तुमचा आहे, लोक विचारतील.' फोटो काढून दुसऱ्या मुलीचा लावायचा ठरला. खर्च कुणी करायचा यावर अजून एक फोन झाला. तो माझ्या या महिन्याच्या मानधनातून वळता करायचा ठरलंय. आप्पा बळवंत चौकातल्या छापखान्यात विचारलं तर म्हणाले, उद्या रविवार, बंद. सोमवारी अकरानंतर या, आणि मजकूर टाइप करूनच आणा, तुमच्या त्या 'जिझेल'चं स्पेलिंग मागच्या वेळी आम्ही तीनदा बदललं.