पातळ थराच्या पॅनलवर सिलिकाचा लेप: नोंद तिसरी

काचेवरून परतणारा प्रकाश कमी व्हावा म्हणून या फेरीत १०० × १०० मिलिमीटरच्या अमॉर्फस (स्फटिकरचना नसलेल्या) सिलिकॉनच्या सौर पॅनलच्या काचेवर सच्छिद्र सिलिका चढवली. उघडी काच सुमारे ४ टक्के प्रकाश परतवते; त्यातले २ पदरात पडले तरी गंगेत घोडं न्हालं. म्हणूनच कोऱ्या पॅनलला हात लावू नका. स्टेब्लर आणि व्रॉन्स्की यांनी १९७७ मध्ये दाखवलेल्या परिणामामुळे नव्या पॅनलची वीज उन्हात आधी १० टक्क्यांहून जास्त उतरते आणि बोल लेपाला लागतो. जोडीची दोन पॅनलं दोनेक महिने उन्हात मुरवा, लेप एकालाच द्या.

बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग २ टक्के लिंबूसत्वाने काढा, मग बॅटरीच्या पाण्याने धुवा. ठिबक धुवायचं ॲसिड घरात असलं तरी नको, जोडण्या खातं. पाणी थेंब न धरता सपाट पसरलं की काच तयार.

द्रावण: कोरडं इथेनॉल १५० मिली, २५ टक्के अमोनिया ३.५ मिली, डिस्टिल्ड पाणी १ मिली. ढवळत ढवळत टीईओएस (टेट्राइथाइल ऑर्थोसिलिकेट, ज्यापासून सिलिका बनते ते द्रव) १५ मिली. बाटली घट्ट बंद करून चार-पाच दिवस ठेवा, किंचित निळसर झाक येते. ९५ टक्क्यांचं स्पिरिट घेतलं तर त्यातल्या पाण्यानेच कण मोठे होतात आणि लेप दुधाळ उतरतो. टीईओएसची वाफ डोळ्यांना वाईट. गॅसची शेगडी लांब, खिडक्या उघड्या.

मोटर लावून पॅनल वर ओढलं की थरथरीच्या आडव्या रेघा पडतात. त्यापेक्षा पॅनल स्थिर ठेवून द्रावण खाली उतरवा. १२० × १२ मिलिमीटर तोंडाची उभी टाकी, तळाला मत्स्यटाकीची नळी, चिमटा लावून पातळी सेकंदाला १ ते १.५ मिलिमीटर. नळीचं तोंड टाकीखाली पुरं एक मीटर सोडा. वीतभरच सोडलं तर पातळी घटते तशी धार मंदावते आणि खालचा थर पातळ राहतो. मागची बाजू व कडा टेपने बंद.

जाडी रंगावरून कळते. काळ्या कापडावर तिरकं धरा: पिवळट म्हणजे पातळ, जांभळं म्हणजे ११० नॅनोमीटरच्या आसपास, निळं म्हणजे जाड. आम्ही मुद्दाम निळ्याकडे झुकतं ठेवतो, कारण पुढे लेप थोडा आकसतो. ताजा लेप बोटाने पुसला जातो. बंद डब्यात अमोनियाच्या बशीशेजारी रात्रभर ठेवला की धरतो. तांब्याच्या तारा आधी झाका, नाहीतर हिरव्या पडतील.

हवामान सांभाळा. मेमधल्या जळगावच्या दुपारी अल्कोहोल इतक्या झपाट्याने उडतं की पट्टे उमटतात, काम पहाटे उरका. श्रावणात दमट हवेने पांढुरकी धुंदी येते. जिनिंगच्या हंगामात सरकीचा एक तंतू चिकटला तरी खाली शेपूट उमटते.

मोजमाप स्वच्छ आकाशात भर दुपारी. प्रत्येक पॅनलला १ ओहमचा रोधक लावून मिलिव्होल्ट बघा, मग रोधक अदलाबदल करून पुन्हा. जोडीचं गुणोत्तर आधी किती, नंतर किती, एवढंच धरा. एकट्या पॅनलच्या आकड्याला अर्थ नाही. तपासलेलं पॅनल स्वयंपाकघराजवळ टेकवू नका: फोडणीची वाफ छिद्रांत बसते आणि जांभळा रंग उडतो.