ऋण सोडण्याच्या ओळीपाशी

गुरुवार, पहाट

पावणेपाचला जाग आली. 'आपल्या खोलीत जा, दार लावून घे,' असं प्रभू येशूने सांगितलंय. पण नगरच्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात माझी खोली म्हणजे स्वयंपाकघर. ओट्याशी उभं राहून प्रार्थना करायची सवय आईची. ज्वारीच्या पिठात कढत पाणी ओतून ती पीठ मळायची आणि भाकरी थापता थापता प्रभूने शिकवलेली प्रार्थना म्हणायची. 'आमची रोजची भाकर आज आम्हांस दे' आलं की माझी नजर तव्यावर जायची. लहानपणी वाटायचं, ही प्रार्थना आमच्याच चुलीपाशी सुचलेली असणार.

आजही भाकरी तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला. 'जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे' म्हणाले आणि जीभ अडली. भाकरी एका बाजूने करपली तरी मी उलथणं हातात घेऊन उभीच.

ऋण सोडणं म्हणजे अपराधांची क्षमा करणं. आणि मोठ्या जाऊबाईंशी, ताईंशी, मी तीन महिने बोललेले नाही. सासऱ्यांच्या दवाखान्याच्या खर्चात आम्ही काहीच दिलं नाही, असं त्या चार लोकांत म्हणाल्या. आम्ही दिले होते. कुठल्या तारखेला किती, ते सगळं एका कागदावर लिहून मी पिठाच्या डब्याखाली ठेवलंय.

या तीन महिन्यांत प्रार्थना चुकली नाही. पण ही ओळ मी भरभर उरकत होते. आणि स्वतःच्या शब्दांत प्रार्थना करताना सगळ्यांची नावं घ्यायचे, ताईंचं तेवढं गाळायचे. तोंडपाठ प्रार्थना म्हणजे नुसतं पाठांतर, असं आमच्या मंडळीतली, म्हणजे चर्चमधली, तरुण मुलं म्हणतात. मला ते पटत नाही. माझ्या शब्दांना मी हवं तसं वळवते, प्रभूने दिलेले शब्द वळत नाहीत. कवी ना. वा. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. त्यांनी रचलेली भजनं रविवारी पेटी-तबल्यावर गाताना ती दुसऱ्याची आहेत असं कुठे वाटतं?

आपल्या मराठी शास्त्रात, म्हणजे बायबलात, त्या ओळीत आपलं सोडणं आधी येतं, 'तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड' हे मागणं नंतर. प्रार्थना शिकवून झाल्यावरही प्रभू मत्तयाच्या शुभवर्तमानात पुन्हा वळतो तो याच एका ओळीकडे. आणि सबंध प्रार्थनेत 'मी' कुठे नाहीच. 'आमच्या', 'आम्हांस'. त्या 'आम्हांस'मध्ये ताईही आल्या. रोज त्यांच्याही वाटची भाकर मागत होते मी, आणि मला कळत नव्हतं.

आजारपणात, मुलांच्या परीक्षेत मी देवाकडे मागतेच, पुढेही मागेन. पण रोज प्रार्थना हवी ती यासाठी. काही मागायचं नसलं तरी रोज त्या ओळीवरून जावं लागतं, आणि कधीतरी पाय अडतो.

रात्री

साडेआठला फोन लावला. त्या नऊला झोपतात.

"ताई, मी बोलतेय."

"बोल."

पुढे सुचेना. गुडघे कसे आहेत, विचारलं. "थंडीने धरलेत," म्हणाल्या. मग दोघीही गप्प. मी सांगितलं, रविवारी उपासनेनंतर येते. "जेवायलाच ये," म्हणाल्या.

पैशांचं कुणी काढलं नाही. कागद अजून डब्याखालीच आहे. तो फाडायचं बळ आज आलेलं नाही. उद्या पहाटे तेवढंच मागायचंय.