दोन नंबरची वायर

माझ्याकडे येण्याआधी त्या आउटबोर्डला, म्हणजे होडीच्या मागे लावायच्या मोटारीला, तिघांचे हात लागले होते. तीन सिलिंडर, तीन कार्बोरेटर, टू-स्ट्रोक, वीस वर्षांहून जुनी. कोणी प्लग बदलले होते, कोणी कॉइल, कार्बोरेटर तर दोनदा धुऊन झाले होते. तक्रार जागची हलली नव्हती. स्लोला, म्हणजे रेस न देता, मोटार धडधडायची, मिसिंग मारायची, मध्येच फटकन खोकायची आणि बंद पडायची. रेस दिली की मात्र काही झालंच नाही अशी पळायची.

"धक्क्याला लागताना गिअर काढला की मरते," होडीचे मालक काका म्हणाले. "मागून लाट येत असते आणि मी चावी फिरवत बसतो. एकटा असलो की हात कापतात." एवढ्या वर्षांच्या माणसाने हे साधेपणाने सांगितलं, ते माझ्या मनात दिवसभर राहिलं.

बंद पडू नये म्हणून कोणीतरी स्लोचा स्क्रू पिळून ठेवला होता. मोटार गिअरबाहेर मिनिटाला अकराशे फेऱ्यांवर फिरत होती. हा उपाय मला अजिबात मान्य नाही. एवढ्या फेऱ्यांवर गिअर टाकला की खाली क्लचचे दात एकमेकांवर आपटतात आणि झिजतात. बिघाड तसाच राहतो, वर दुसरा तयार होतो.

मोटार पाण्याच्या टाकीत उतरवली. पाण्याच्या नळीला जोडलेल्या रबरी टोप्या मोटारीच्या पाणी ओढायच्या भोकांवर लावून ती बाहेरच चालवता येते, थंडही राहते, पण एक्झॉस्टवर पाण्याचा दाब नसतो. त्यामुळे तिथे स्लो छान वाटतो आणि होडीला लावली की पुन्हा तेच. स्क्रू मूळ जागी आणला, मोटार जेमतेम चालती ठेवली आणि प्लगच्या वायरी एकेक करून काढायला लागलो. काढलेली वायर लगेच अर्थला, म्हणजे इंजिनच्या उघड्या धातूला, टेकवायची. जुन्या सीडीआय इग्निशनमध्ये, म्हणजे स्पार्क देणाऱ्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेत, ती लोंबकळत ठेवली तर स्पार्क आतूनच वाट काढतो, आणि चांगली कॉइल किंवा सीडीआयचा डबा जातो.

एक नंबर काढली, मोटार खाली बसली. तीन नंबर काढली, मरता मरता वाचली. दोन नंबर काढली, आणि काहीच झालं नाही. फेऱ्यांच्या मीटरची सुई जागची हलली नाही, आवाजही तोच. रेस देऊन दोन हजारावर नेलं आणि पुन्हा तीच वायर काढली, तेव्हा मात्र मोटार अडखळली. म्हणजे मधलं सिलिंडर मेलेलं नव्हतं. ते फक्त स्लोला कामावर येत नव्हतं.

आता निदान एका सिलिंडरवर आलं होतं. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, घेतलं: 118, 115, 118 पीएसआय. तिन्ही एकमेकांजवळ, चिंता नाही. स्पार्क टेस्टरची फट 11 मिलिमीटर ठेवली. निळा स्पार्क कडकडत उडी मारत होता. एक आणि दोनच्या कॉइलची अदलाबदल केली, बिघाड दोनवरच राहिला. प्लग काढले. एक आणि तीनचे तपकिरी, कोरडे. दोनचा काळा आणि ओला.

त्या ओल्या प्लगकडे मी जितकं लक्ष द्यायला हवं होतं, तितकं दिलं नाही. जुनी मोटार स्लोलाच मिसिंग मारते म्हणजे कार्बोरेटरचा स्लो जेट, ही सवय डोक्यात घट्ट बसलेली असते, आणि बहुतेक वेळा ती बरोबरही ठरते. पेट्रोल महिनोन्महिने साचलं की वार्निशसारखा थर होतो आणि ते केसाएवढं भोक बुजतं. मधला कार्बोरेटर उतरवला. जेट उजेडासमोर धरला, आरपार स्वच्छ. आतलं पेट्रोल ठरावीक पातळीवर ठेवणाऱ्या फ्लोटची उंची बरोबर, पेट्रोल अडवणारी नीडल व्यवस्थित बसत होती. परत बसवून चालवला, तसाच. दोन तास गेले. मग चालू मोटारीला प्रायमरने, म्हणजे स्टार्टिंगला जादा पेट्रोल सोडणाऱ्या भागाने, थोडं जास्त पेट्रोल दिलं. जेट तुंबला असता तर ती सावरली असती. ती आणखी गुदमरली. पेट्रोल कमी पडत नव्हतंच, हे तो प्लग सकाळपासून सांगत होता.

पेट्रोल पोचतंय, स्पार्क आहे, दाब आहे. मग कार्बोरेटर आणि सिलिंडर यांच्या मधे काय उरतं? टू-स्ट्रोकमध्ये पिस्टनखालची क्रँककेस हाच पंप असतो, आणि अशा मोटारीत प्रत्येक सिलिंडरची क्रँककेस वेगळी, शेजाऱ्यापासून बंद. पिस्टन वर जाताना पेट्रोल-हवा आत ओढली जाते, खाली येताना ती दाबून वर ढकलली जाते. ती उलटी कार्बोरेटरकडे जाऊ नये म्हणून वाटेत रीड व्हॉल्व्ह असतो, पातळ लवचिक पट्ट्यांचा.

हवेचं झाकण काढलं आणि तिन्ही तोंडांसमोर थोड्या अंतरावर पांढरा कागद धरला. एक आणि तीनसमोर बारीक ठिपके. स्लोला थोडं तेवढं उडतंच. दोनसमोर कागद क्षणात ओला झाला. टॉर्च मारला तर त्या तोंडापाशी पेट्रोलचं धुकं आतबाहेर करताना दिसलं. स्लोला उलटं यायला वेळ मिळतो म्हणून दाब तयारच होत नव्हता. रेसमध्ये तो वेळ उरत नाही, आत निघालेली हवा आपल्या जोरावर आत जाते, आणि सिलिंडर पुन्हा हजर होतं.

रीडचा ब्लॉक बाहेर काढला. एका पोलादी पट्टीचा कोपरा तुटला होता, नखाच्या टोकाएवढा.

काकांना आनंद झाला. मला नाही, कारण तुटलेला तुकडा समोर नव्हता. रीडच्या पुढे क्रँक आणि त्याचे बेअरिंग, वर पिस्टन. उघड्या तोंडातून टॉर्चने क्रँककेस पाहिली, फ्लायव्हील हाताने हळूहळू फिरवत कान लावला, कुठे कुरकुर नाही. प्लगच्या भोकातून कॅमेरा सोडला. भिंतीवर ओरखडा नव्हता, पण पिस्टनच्या माथ्यावर एक छोटा चकचकीत खळगा होता. तुकडा वर येऊन, एकदा आपटून एक्झॉस्टमधून गेला असावा. "पण पूर्ण खोलल्याशिवाय मी छातीठोकपणे सांगणार नाही," मी म्हणालो. काकांनी थोडा विचार केला. "आता लावा मिस्त्री. आवाज बदलला की त्याच दिवशी आणतो."

त्याच मॉडेलच्या भंगार मोटारीचा ब्लॉक माझ्याकडे होता. पट्ट्या उजेडात तपासल्या, सगळ्या सपाट बसत होत्या. नवीन पॅकिंग घालून बसवला. तिन्ही कार्बोरेटरचे बटरफ्लाय, म्हणजे हवेच्या झडपा, एकाच क्षणी उघडतील असं लिंकेज जुळवलं, मगच स्लोला हात लावला. गिअरमध्ये सातशेवर सुई स्थिरावली.

काका टाकीच्या काठाला हात लावून उभे होते. मी पुन्हा दोन नंबरची वायर काढली. मोटार खचली, थरथरली, बंद पडायला आली. वायर लावली तशी ती लगेच सावरली.

"अजून एकदा काढा," काका म्हणाले.