चांदीचा दागिना, पण कोणत्या डोंगरातला?

मोरोक्कोतल्या मराकेशच्या बाजारात चांदीचा कोणताही दागिना हातात घेतला, की विक्रेता 'बर्बर, जुना, अ‍ॅटलासचा' एवढेच सांगून मोकळा होतो. बर्बर म्हणजे उत्तर आफ्रिकेतले मूळ रहिवासी; ते स्वतःला अमाझिघ म्हणवतात. अ‍ॅटलासच्या रांगा मोरोक्कोपासून ट्युनिशियापर्यंत पसरलेल्या आहेत. तेव्हा हे उत्तर 'सह्याद्रीकडचा' म्हणण्याहूनही ढोबळ आहे. मराकेशच्याच माजोरेल बागेतील अमाझिघ संग्रहालयात आरशांच्या अंधाऱ्या दालनात दागिने अप्रतिम दिसतात, परंतु काचेआडचा दागिना उलटून पाहता येत नाही, आणि मला नेमकी त्याची पाठ पाहायची होती.

म्हणून अगादीर गाठले आणि तिथून सुमारे 90 किलोमीटरवरच्या तिझनितला सामायिक टॅक्सीने गेलो. या टॅक्सीत चालकाखेरीज सहा जण बसवतात; मधल्या जागेवर बसू नये, हे कोणीतरी मला आधी सांगायला हवे होते.

तिझनितच्या तटबंदीच्या आत चांदीकामाची दुकाने ओळीने आहेत. एका वृद्ध कारागिराने माझ्यासमोर त्रिकोणी 'तिझेरझाई' ठेवली. अंगाभोवती लपेटलेले वस्त्र खांद्यांजवळ अडकवायचे हे काटे जोडीने येतात आणि मधल्या साखळीने एकमेकांना बांधलेले असतात. दर्शनी भागावर चांदीच्या बारीक तारेची घरे डाख देऊन बसवलेली होती आणि त्यांत पिवळा व हिरवा मिना भरला होता. कारागिरांचे बोलणे तशेल्हित या तिथल्या बर्बर भाषेत, त्यांच्या नातवाचे फ्रेंचमध्ये आणि माझे बरेचसे हातवाऱ्यांत चालले होते. असा पिवळा-हिरवा मिना अँटी-अ‍ॅटलासचा, म्हणजे अ‍ॅटलासच्या मोरोक्कोतल्या दक्षिणेकडील रांगेचा, विशेषतः इदा ऊ सेमलाल भागाचा, असे ते म्हणाले. निळ्या मिन्याशेजारी लाल पोवळे दिसले, तर अल्जीरियातील काबिली प्रदेशाकडे, म्हणजे बेनी येन्नीच्या कारागिरीकडे बघायचे. आयत अत्ता टोळीच्या बायकांची जाड, टोकदार खुंट्यांची हातातली कडी वेगळीच, आणि त्यांच्यासोबत अंबराचे मोठे मणी. ते मणी आजकाल बहुधा कृत्रिम राळेचे असतात आणि चांदीच्या जागी जर्मन सिल्व्हर असते, हे सांगताना नातू हसला. आजोबा हसले नाहीत.

मग त्यांनी तिझेरझाई उलटली. दोन्ही पाटे एका हाताचे होते, पण साखळीच्या कड्यांवरचा डाख निराळा, जाडाभरडा होता. ती साखळी कोणत्या तरी दुसऱ्या तुटलेल्या जोडीतून आली असावी. माझ्या 'कुठला' या प्रश्नाचा पाया तिथेच डळमळला. या भागातले कितीतरी चांदीकाम ज्यू सोनारांनी केलेले आहे; ते गिऱ्हाइकाच्या टोळीची पसंती पाहून घडवत, त्यामुळे घडवणाऱ्याचे गाव एक आणि दागिन्याची ओळख दुसरीच असे. 1950 आणि 60च्या दशकांत त्यांतील बहुतेक इस्रायलला निघून गेले. दुकानातल्या चिठ्ठ्यांवर टोळीचे नाव हौसेने लिहिलेले असते, ज्यू सोनाराचा उल्लेख मला एकाही चिठ्ठीवर आढळला नाही, आणि त्याचा मला मनापासून राग आला. शिवाय दुष्काळात बायका हीच चांदी विकत, ती वितळून नव्या नमुन्यात जाई. मग धातूचे गाव तरी कोणते सांगायचे?

किंमत मात्र आजोबांनी पाटे आणि साखळी एकत्र तराजूत टाकून सांगितली, आणि घासाघिशीचे भाषांतर करायला नातवाने साफ नकार दिला.