दोन गाण्यांच्या मधलं

२ जून

सुरुवात कुठून झाली ते लिहून ठेवते, नाहीतर मीच विसरेन. गेल्या वर्षी मे महिन्यात बीकेसीत ‘द साउंड ऑफ म्युझिक’ लागलं होतं. भाचीने तिकीट काढलं म्हणून गेले, एरवी त्या दराला माझा हात धजला नसता. घरी आल्यावर न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीवरच्या १९५९ च्या मूळ नटसंचाचं रेकॉर्डिंग शोधून ऐकलं, मेरी मार्टिनचं. सिनेमातली ज्युली अँड्र्यूज कानात इतकी मुरलेली की पहिली दहा मिनिटं ही कोण बाई परक्या घरात शिरलीय असंच वाटत राहिलं. मग हळूहळू तीच घरची झाली. तेव्हापासून डोक्यात किडा आहे.

तर ठरलं. ब्रॉडवेची संगीत नाटकं सालाच्या क्रमाने ऐकायची. मूळ संचाचं रेकॉर्डिंग असेल तेच. मधलं गाणं गाळायचं नाही. आधी व्हिडिओ बघायचा नाही. जागा: सव्वाआठची फास्ट, लेडीज डबा, डोंबिवली ते सीएसएमटी. जुना लाँग प्ले अल्बम पंचेचाळीस-पन्नास मिनिटांचा, म्हणजे सगळं वेळेवर असेल तर दादरच्या आसपास नाटक संपायला हवं.

अण्णांना सांगितलं तर म्हणाले, “नुसती गाणी? आणि मधलं?”

“मधलं नाहीच अण्णा. दोन गाण्यांच्या मध्ये दोन सेकंद शांतता असते, तेवढ्यात जे काय व्हायचं ते होऊन गेलेलं असतं.”

“मग बरंय,” म्हणाले, “मी सगळं ‘सौभद्र’ तसंच ऐकलंय.”

सांगलीला असताना त्यांनी रेडिओवर त्याची पदं ऐकून ऐकून पाठ केली होती. नाटक प्रत्यक्ष पाहिलं ते तिशी उलटल्यावर. आणि तेव्हा चिडले होते म्हणे, कारण त्यांच्या मनातला कृष्ण डावीकडून यायचा आणि या कंपनीचा उजवीकडून आला.

९ जून

पहिल्याच पावलाला नियम मोडला. ‘शो बोट’ १९२७ चं. त्या मूळ संचाचं संपूर्ण रेकॉर्डिंग नाहीच, कारण तेव्हा नाटकाची अख्खी गाणी संचाकडून मुद्रित करून घ्यायची पद्धतच नव्हती. शेवटी १९८८ मध्ये स्टुडिओत केलेलं घेतलं, तीन सीडींचं. गाळलेली, कापलेली गाणीसुद्धा त्यात परत आणून बसवली आहेत. तीन दिवस पुरलं.

मिसिसिपी नदीवर फिरणारी नाटक कंपनीची बोट. नटी काळ्या रक्ताची आहे हे उघड होतं आणि तिला बोट सोडावी लागते. झिगफेल्ड हा निर्माता पिसारे आणि पऱ्या यांच्या तमाशांसाठी प्रसिद्ध. त्याने हे रंगमंचावर आणलं याचं नवल वाटतं. नदीचं ते गाणं पॉल रोबसनचं म्हणून सगळ्यांना माहीत, पण पहिल्या प्रयोगात तो नव्हताच. ज्यूल्स ब्लेडसो नावाच्या गायकाने ते गायलं. रोबसनने नंतर लंडनला आणि १९३२ मध्ये ब्रॉडवेवर. ब्लेडसोचं नाव आज घ्यायला कोणी नाही. आपल्याकडेही मूळ नट विसरून गाजलेला नट लक्षात राहतोच.

१ जुलै

‘ओक्लाहोमा’, १९४३. यापासून खऱ्या अर्थाने माझा नियम लागू. डेक्का कंपनीने मूळ संच, मूळ वाद्यवृंद घेऊन सहा तबकड्यांचा संच काढला. तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं. म्हणजे १९४३ मधला श्रोता दर तीन मिनिटांनी उठून तबकडी उलटत होता, आणि मी आसनगावच्या बाईची कोपरं खात एका जागी उभी आहे. कोणाचं बरं चाललंय ते ठरवता येत नाही.

पडदा उघडतो तेव्हा रंगमंचावर एक बाई लोणी काढत बसलेली, आणि सकाळ किती छान आहे असं गाणारा पुरुष आत विंगेत. नाचणाऱ्या मुलींची रांग नाही, घोळका नाही. त्या काळी हे धाडसच. रात्री अण्णांना ऐकवलं. “नांदी नाही?” म्हणाले. मग थोडं ऐकून, “ही भूपाळीच की.” पुढे विचारलं, “यात वन्समोअर घेतात का?” म्हटलं, टाळ्या पडतात, नाटक थांबतं, पण गाणं परत नाही. “मग गाणाऱ्याने करायचं काय?”

हा प्रश्न मला दोन दिवस पुरला. अण्णांच्या नाटकात पद लागलं की गोष्ट बाजूला पाट टाकून बसते, गाणारा मोकळा. इथे गाण्याला पायात चप्पल घालूनच आत यावं लागतं, कारण गाणं संपेपर्यंत कुणाचं तरी मन बदललेलं असायला हवं. ‘कॅरोसेल’मध्ये (१९४५) बाकावर बसून दोघं जण “मी तुझ्यावर प्रेम करत असते तर” असं म्हणत म्हणत प्रेमात पडतात. कबूल कोणीच करत नाही. दहा-बारा मिनिटांचा प्रसंग, गाणं कुठे सुरू झालं आणि बोलणं कुठे संपलं ते कळत नाही. तान एकही नाही, तरी घाटकोपरला उतरणाऱ्या बायकांना वाट द्यायची विसरले आणि शिव्या खाल्ल्या.

२३ जुलै

कुर्ल्याला पाणी. गाडी ठाणे ते भांडुप दोन तास. ‘फिडलर ऑन द रूफ’ खरं तर १९६४ चं, क्रमाने अजून यायचं होतं, पण ते फोनमध्ये उतरवून ठेवलेलं एकमेव होतं. दोनदा ऐकलं. झारच्या रशियातला ज्यू दूधवाला, मुली एकेक करून स्वतःच नवरे निवडतात, आणि शेवटी गावच सोडायचा हुकूम. दुसऱ्यांदा ऐकताना शेजारच्या मुलीने एक इअरफोन मागितला. भाषा कळत नव्हती तिला फारशी, म्हणाली, “कुणाचं तरी लग्न चाललंय ना?” चाललंच होतं.

३० जुलै

पन्नासचं दशक सोडवत नाही. ‘माय फेअर लेडी’ (१९५६) मध्ये पैसा लावला तो सीबीएसने, आणि अल्बम काढणारी कोलंबिया ही त्यांचीच रेकॉर्ड कंपनी. दोन्हीकडून कमाई. नायक रेक्स हॅरिसनला गाता येत नव्हतं, म्हणून तो सुराच्या कडेकडेने बोलत जातो. अण्णा खूश: “हा आपल्यातला आहे, गद्य नट!” गोष्ट त्यांना ठाऊकच होती. पु. लं.ची ‘ती फुलराणी’ही बर्नार्ड शॉच्या त्याच ‘पिग्मॅलियन’ नाटकावरून आलेली. एलायझा मास्तरावर चडफडत गाते तेव्हा अण्णांना भक्ती बर्वेच दिसत होत्या, मी काही बोलले नाही.

पण खरी मजा ‘द म्युझिक मॅन’ची. एक फिरता ठकसेन गावातल्या पोरांचा बँड काढून देतो म्हणून पैसे उकळायला येतो, ग्रंथपाल बाई त्याला ओळखून असते. त्याचं धडाकेबाज गाणं आहे शहात्तर ट्रॉम्बोनांचं. तिचं गाणं निजायच्या वेळचं, कुणा अनोळखी माणसाला शुभरात्री म्हणण्याचं. दोन्ही चार वेळा ऐकली. पाचव्यांदा दिवा स्टेशनात पर्सवर बोटं वाजवताना हात थांबला. चाल एकच! त्याची कवायतीच्या पावलावर, तिची झोपाळ्यावर. दुसऱ्या अंकात दोघं आळीपाळीने गातात आणि मध्येच एकमेकांचं गाणं उचलतात. ती प्रेमात पडली हे कोणी सांगत नाही, चालीने केव्हाच सांगून टाकलेलं असतं.

अण्णांना पैजेवर ऐकवलं. त्यांनी मांडीवर मोजलं, “दोन्हीकडे तीन-तीनच की गं. एक धावतोय, एक झुलतोय.” पाच मिनिटं लागली त्यांना. मला चार दिवस.

याच नाटकाने १९५८ चा टोनी पुरस्कार ‘वेस्ट साइड स्टोरी’च्या हातून नेला म्हणून जाणकार अजून हळहळतात. त्यातलं बर्नस्टाइनचं संगीत थोरच आहे, कबूल. पण गाडीत उभं राहून ऐकायला मला ट्रॉम्बोनवालाच हवा.

२६ ऑगस्ट

पन्नासच्या दशकाचा निरोप ‘साउंड ऑफ म्युझिक’ने घ्यायचा होता, घेतला. त्यातलं फुलाचं गाणं लोक ऑस्ट्रियाचं लोकगीत समजतात. ते गीतकार हॅमरस्टाइनने लिहिलेलं शेवटचं गाणं. नाटक लागल्यावर नऊ महिन्यांत तो गेला. त्या मोजक्या शब्दांत एकही जड शब्द नाही.

साठचं दशक भरभर गेलं. ‘कॅबरे’ चांगलं, ‘हेअर’ आता जुनं वाटतं. राग नाही, पण परत लावणार नाही.

१७ सप्टेंबर

सोंडहाइम, गीतकार आणि संगीतकार. हॅमरस्टाइनच्या घरी येऊन-जाऊन असणारा, त्याच्याच हाताखाली शिकलेला मुलगा, आणि गुरूच्या नेमकं उलट वागणारा. गुरूच्या पात्रांना आपलं मन गाताना कळतं. याची पात्रं गातात ती बरेचदा मन लपवायला. ‘कंपनी’ (१९७०) पहिल्यांदा अजिबात आवडलं नाही. शब्द इतके घाईत की मी ठाण्यापर्यंत मागेच. मग शब्द छापून घेतले, ऑफिसच्या प्रिंटरवर, दोन्ही बाजूंनी.

‘अ लिटल नाइट म्युझिक’मधलं (१९७३) विदूषकांचं गाणं लिहिलं ग्लिनिस जॉन्ससाठी. तिचा आवाज गोड, पण सूर लांबवर धरता येत नसे, म्हणून ओळी आखूड. प्रत्येक ओळ श्वासाशी संपते. तिचं मूळ रेकॉर्डिंग ऐकलं की नंतरच्या मोठ्या गळ्याच्या बायकांनी ते गाणं का बिघडवलं ते कळतं. त्यांना दम पुरतो. अण्णा यावर काही बोलले नाहीत, फक्त “परत लाव” म्हणाले. वन्समोअर मिळाला म्हणायचा.

३ ऑक्टोबर

‘स्वीनी टॉड’, १९७९. सुरुवातीला ऑर्गन, मी निवांत, आणि मग कारखान्याच्या भोंग्याची अशी किंचाळी की मी मुंब्र्याला “आई गं” म्हणून ओरडले. तीन बायकांनी पर्स चाचपली. गोष्ट विचारली तर काय सांगायचं? न्हावी आहे, गिऱ्हाइकांचे गळे कापतो, खालच्या मजल्यावरची बाई त्यांचं मांस भरून कचोरीसारखे ‘पाय’ विकते. “सकाळी सकाळी?” म्हणाल्या. पहिल्या अंकाच्या शेवटी दोघं कुणाच्या मांसाची चव कशी असेल यावर कोट्या करत वॉल्ट्झ गातात. शंभर पानं छापून घेतली असती तरी फुकट गेली नसती.

२१ ऑक्टोबर

आज स्वतःवरच हसतेय. ‘मेरिली वी रोल अलाँग’, १९८१. हे नाटक उलटं चालतं: सुरुवातीला मैत्री तुटलेली, शेवटी तिघं तरुण, स्वप्नाळू. ब्रॉडवेवर अवघे १६ प्रयोग झाले. बंद पडल्याच्या दुसऱ्या दिवशी बिचाऱ्या पोरांनी स्टुडिओत जाऊन अल्बम केला. रडक्या घशाने गायली असतील असं वाटतं, पण ऐकताना त्यातलं काही कळत नाही, झकास गायली आहेत.

ऐकून झालं आणि मी थक्क. काय रचना! आत्ता म्हातारे, आत्ता तरुण, परत म्हातारे. ओव्हर्चर, म्हणजे पडदा उघडण्याआधीचं वादन, चौथ्या नंबरला आलं तेव्हाही म्हटलं, सोंडहाइम आहे, करेल असंही. रात्री भाचीला फोन करून समजावत होते. ती शांतपणे म्हणाली, “मावशी, शफल चालू असेल.”

होतं.

१५ नोव्हेंबर

‘कॅट्स’, ‘ले मिझराब’, ‘फँटम’. ‘फँटम’ १९८८ ते २०२३, एकूण १३,९८१ प्रयोग. मला दोन वेळा पुरलं. झुंबर पडतं म्हणे, पण अल्बममध्ये झुंबर नाही ना.

‘रेंट’ (१९९६) मात्र जपून ऐकलं. जोनाथन लार्सनने सगळं लिहिलं, चाली लावल्या, आणि पहिल्या पूर्वप्रयोगाच्या आदल्या रात्रीनंतर पहाटे महाधमनी फाटून गेला. वय ३५. वर्षाची मिनिटं मोजणारं गाणं त्याने लिहिलंय. त्या दिवशी दादरनंतर काही लावलं नाही.

रहमानचं ‘बॉम्बे ड्रीम्स’ २००४ मध्ये ब्रॉडवेवर पोचलं, २८४ प्रयोग झाले. चाली आपल्या आधीपासून पाठ, त्यामुळे मला परकं वाटलं ते फक्त इंग्रजी.

८ डिसेंबर

‘हॅमिल्टन’, २०१५. जाताना पहिला अंक, येताना दुसरा, तरी थोडं उरतं. सगळंच गाण्यात, संवाद जवळजवळ नाहीत. म्हणजे जूनपासून मी जी दोन सेकंदांची फट मनाने बुजवत आलेय ती इथे नाहीच. मला ते थोडं लागलंच. काही काम उरलं नाही.

तर भाची म्हणाली, एक फट आहे. मुद्दाम ठेवलेली. हॅमिल्टन आणि त्याचा प्रतिस्पर्धी बर आपापल्या तान्ह्या बाळांना उद्देशून गातात ते गाणं, आणि पहिल्या अंकाचं शेवटचं गाणं, यांच्या मध्ये रंगमंचावर एक छोटा प्रसंग आहे. पत्र येतं: हॅमिल्टनचा मित्र जॉन लॉरेन्स युद्धात मारला गेला. नाटक लिहिणाऱ्या मिरांडाने तेवढा अल्बममध्ये घेतला नाही, थिएटरात आलेल्यांसाठी राखला.

व्हिडिओ पाहायची परवानगी मी स्वतःला दिली नाही. रात्री अण्णांकडे बसून ते दोनच ट्रॅक लागोपाठ लावले. अंगाई संपली. दोन सेकंद काही नाही. पुढचं दणक्यात सुरू झालं तसं अण्णांनी हात वर केला.

“थांब. इथे काहीतरी झालंय.”

“एक जण गेला अण्णा. पत्र आलं.”

“कोण वाचतं पत्र?”

“हॅमिल्टनची बायको.”

“उभी राहून की बसून?”

“माहीत नाही.”

“उभी असेल,” म्हणाले. “मागे घे थोडं, अंगाईपासून लाव.”