आरटीईचा एक किलोमीटर

आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यातल्या शाळाप्रवेशांच्या, लॉटरीचा सीझन आला की उत्पन्नाच्या दाखल्यासाठी सेतूमध्ये रांगा लागतात आणि मला 2024 चा तो एक किलोमीटरचा घोळ आठवतो.

कायदा 2009 चा. खासगी विनाअनुदानित शाळांनी एन्ट्रीच्या वर्गात 25 टक्के जागा गरीब आणि वंचित घरांतल्या मुलांसाठी ठेवायच्या, फी सरकार भरणार. आपल्याकडे मुलामागे वर्षाला 17,670 रुपये असा दर ठरला, पण पैसे वेळेवर येत नाहीत ही संस्थाचालकांची कायमची रड (आणि यात ते खोटं बोलत नाहीत). मग फेब्रुवारी 2024 मध्ये सरकारने नियमच बदलला, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर त्या खासगी शाळेला 25 टक्क्यांतून सूट!

आता लॉजिक तसं अगदीच चुकीचं नव्हतं, स्वतःची शाळा शेजारी असताना दुसऱ्याची फी का भरायची? फक्त ती शेजारची शाळा कशी आहे ते बघा ना. पट 60 पर्यंत असेल तर पहिली ते पाचवीला मिळून शिक्षक दोन, म्हणजे एकेका मास्तरकडे दोन-तीन वर्ग, वर निवडणुकीची कामं आहेतच.

आणि खासगी म्हणजे सगळा धंदाच असं आपल्याकडे कधीच नव्हतं हो. रयत शिक्षण संस्था 1919 ची, कर्मवीरांनी उभी केलेली. पुढे अनुदानित शाळांचं गणित असं की शाळा संस्थेची, पगार सरकारचा, अर्धा महाराष्ट्र त्यातच शिकला. मग हळूहळू 'कायम विनाअनुदानित' आलं, 2012 ला स्वयंअर्थसहाय्यित शाळांचा कायदा आला, म्हणजे शाळा काढा पण आमच्याकडे पैसे मागू नका. आधी अनुदानातून हात काढून घेतला, आणि मग तसल्याच शाळांमधल्या पाव जागा विकत घ्यायची पाळी आली, तीही उधारीवर. माझा राग यावर आहे, खासगी शाळा असण्यावर नाही.

तो एक किलोमीटरचा नियम हायकोर्टाने आधी मे महिन्यात रोखला, जुलैमध्ये रद्द केला, ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच कायम ठेवलं. मधल्या काळात गंमत बघा, नव्या नियमात बहुतेक सरकारी शाळाच मिळणार म्हटल्यावर पालकांनी फारसे अर्जच भरले नाहीत, आणि स्थगितीनंतर नव्याने फॉर्म निघाले तर लाखभर जागांसाठी दोन लाखांच्या वर अर्ज आले.