बे व्ह्यूच्या छपराखाली
कामानिमित्त आज माउंटन व्ह्यूला, गुगलच्या बे व्ह्यू कॅम्पसमध्ये होते. २०२२ साली सुरू झालेलं हे ऑफिस. छपराकडे बघतच राहिले! माशाच्या खवल्यांसारखे एकावर एक बसवलेले चंदेरी सोलर पॅनल. शिवाय जमिनीखालच्या पाइपांमुळे इमारत गार-गरम राहते, एरवी इमारत गार ठेवताना कूलिंग टॉवरमध्ये वाफ होऊन जाणारं पाणी वाचतं. दुष्काळ सोसणाऱ्या कॅलिफोर्नियात हे मला सगळ्यात मोलाचं वाटलं. बाहेर रंगीत सायकली, कुलूपबिलूप काही नाही.

पण खरा आनंद माणसांचा. रोज रात्री कॉलवर चौकोनात दिसणारे चेहरे समोर! जेट लॅग असेल म्हणून एकीने माझ्यासाठी मीटिंगची वेळ बदलली. पुण्यातल्या ज्युनिअर पोरांनाही इथे यायला मिळायलाच हवं. परतले की मॅनेजरच्या मागेच लागणार आहे.